सातचं पाणी

“दारात जावई उभे आहेत आणि तू माशांपुढं काय बसलीस? ऊठ, पाणी आण,” अण्णा म्हणाले.

रुजू उठली नाही. तिच्या हातात मीटर होता आणि मीटरचं टोक टाकीच्या पाण्यात. “आकडा थांबू दे, अण्णा,” एवढंच म्हणाली. मग मीच उठले, तांब्याभांडं घेऊन पुढं गेले आणि परागरावांच्या हातात भांडं दिलं. खरं तर डोक्यात घालावंसं वाटत होतं. पण आमच्याकडं जावयाला मान देतात, म्हणून हातात दिलं.

शनिवारची संध्याकाळ होती. परागराव माझ्या धाकट्या बहिणीला न्यायला पुण्याहून गाडी घेऊन सांगलीला आले होते. रविवारी जेवण झालं की तिला घेऊन निघायचं, हे त्यांनी आणि अण्णांनी फोनवर परस्पर ठरवलं होतं. रुजूला कुणी विचारलं नव्हतं. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी बिनलग्नाची, माशांचं दुकान चालवणारी, तोंडाळ. माझं मत काय आहे ते गल्लीलासुद्धा पाठ होतं.

“काय ताई, दुकान जोरात?” परागराव गोड हसले. या माणसाचा आवाज असा, की कानात कोमट तूप सोडल्यासारखा. गोगलगाय नि पोटात पाय.

“जोरात,” मी म्हटलं. “शार्क मागवलाय एक.”

“शैले!” अण्णा डाफरले.

रुजू माहेरी का आली होती, तर एका संध्याकाळी या माणसानं तिला घराबाहेर काढून दार लावून घेतलं होतं. जिन्यात, अनवाणी, घरातल्या गाऊनवर. भाजीवर झाकण ठेवायचं राहिलं म्हणून. शेजारीपाजारी कामावरून परतत होते आणि तिला वळसा घालून वर जात होते. दार उघडलं ते लोकांची जेवणं झाल्यावर. दुसऱ्या दिवशी तिनं मिळेल ती एसटी पकडली.

हे तिचं. त्यांचं म्हणणं वेगळंच. ती किल्ली न घेता बाहेर गेली, वाऱ्यानं दार लागलं, ते अंघोळीला होते, बेल ऐकू आली नाही. “हल्ली फार विसरते ती, अण्णा. कधीकधी न झालेल्या गोष्टी झाल्या म्हणते. मला काळजी वाटते. चांगला डॉक्टर बघून ठेवलाय.” हे सगळं त्या तुपाळ आवाजात.

आणि अण्णा, माझा बाप, दोन्हीकडचं ऐकून घेत मान डोलवत बसले. अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जन्मभर बाजारात फिरून दुकानदारांचे काटे तपासले, खोटी वजनं जप्त केली. कुणाचा चहा घेतला नाही. ‘मापात पाप नको’ हे आमच्या घरात शुभंकरोतीनंतर म्हणायचं वाक्य. आईसुद्धा कणीक मोजताना घाबरायची, असं मी म्हणायची. आई असती तर हा प्रसंगच आला नसता. तिनं परागरावांना दारातूनच वाटेला लावलं असतं.

“एकतर्फी निकाल मी कधी दिला नाही,” अण्णा म्हणायचे. “काटा खोटा म्हणायचा, तर तो तपासावा लागतो.”

“मग तपासा की!”

“कशावर तपासू? तिचा शब्द आणि त्यांचा शब्द. प्रमाण वजन कुठाय?”

“तुमची पोरगी आहे ती! पोरगी प्रमाण नाही होय?”

“पोरगी आहे म्हणूनच तर, शैले. उद्या लोक म्हणतील, बापानं घरचं माणूस म्हणून झुकतं माप दिलं.”

घ्या! लोकांचे काटे सरळ करता करता या माणसाची मान वाकडी झाली होती, आणि त्याला ते न्यायाचं काम वाटत होतं. शेवटी निकाल काय, तर “थोडं जुळवून घ्यायचं असतं.” कुणी? रुजूनं.

सगळ्यात जास्त मी चिडले ती रुजूवरच. कारण त्या आठवड्यात ती मला म्हणाली, “ताई, असेल का गं माझ्याचकडं किल्ली? तो इतकं ठामपणे म्हणतो, की मलाच आता नीट आठवेना झालंय.” तळपायाची आग मस्तकात गेली माझी. शाळेत असताना वर्गातल्या सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ असलेली पोरगी ही.

तिला खात्रीनं कळत होती अशी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हॉलमधली तिची टाकी. त्यात डिस्कस माशांची जोडी होती. ताटलीसारखे गोल, चपटे, तांबूस. ती लग्न होऊन गेल्यावर मीच टाकी सांभाळली होती. रुजू परत आली आणि त्या जोडीनं अंडी घातली. यंदा प्रथमच ती जगली. या माशाची पिल्लं आईबापांच्या अंगाला चिकटून राहतात आणि अंगावरचा चिकट, सायीसारखा पदार्थ खाऊन वाढतात. रुजू तासन्‌तास ते बघत बसायची. “ही आईच्या अंगावरून सुटली, की मग बघू काय ते,” ती म्हणायची. जाण्याबद्दल ती एवढंच बोलायची.

आणि तिचा तो मीटर. जाड पेनाएवढी पिवळी कांडी, टोकाला काचेचा इवलासा फुगा. पाण्यात बुडवली की पाणी आंबटाकडं झुकलंय की क्षाराकडं, ते आकड्यात दिसतं. सात म्हणजे मधोमध. हे मासे साडेसहाच्या पाण्यात खूश असतात. आमच्या बोअरचं पाणी आठच्याही वर, त्यात ते काळे पडतात. म्हणून रुजू गॅलरीतल्या निळ्या ड्रममध्ये फिल्टरचं पाणी मिसळून माशांचं पाणी वेगळं तयार करून ठेवायची.

पण या कांडीचे नखरे फार. दर आठवड्याला ती एका ठरलेल्या द्रावणात बुडवायची आणि पाठीमागचा बारीक स्क्रू फिरवून आकडा बरोबर सातवर आणायचा. त्या द्रावणाला आमच्या घरात ‘सातचं पाणी’ म्हणत. काम झालं की काचेचा फुगा पुसायचा नाही, नुसता झटकायचा, आणि टोपणात त्याच्या मिठाच्या द्रावणाचे थेंब टाकून बंद करायचा. कोरडा पडला की मेला. साध्या फिल्टरच्या पाण्यात ठेवला तरी बिघडतो आणि खोटं बोलायला लागतो. पुण्यात रुजूकडं असाच एक मीटर होता. तो परागरावांनी स्वच्छ पुसून, कोरडा करून कपाटात ठेवला. बिघडल्यावर म्हणाले, तूच टोपण उघडं ठेवलंस. ते तिनं मान्यही केलं होतं!

अण्णांना या मीटरचं भारी कौतुक. स्क्रू फिरवून झाला की ते रुजूच्या लाल नेलपेंटचा एक ठिपका त्यावर देत आणि तो वाळायच्या आत टाचणीनं त्यात बारीक फुली काढत. “सरकारी मोहोर,” म्हणायचे. म्हणजे कुणी मध्येच स्क्रू हलवला तर ठिपका फुटणार. घरात हलवणार कोण? पण हा त्यांचा खेळ होता. काट्यावर सील मारायची जुनी खाज.

त्या संध्याकाळी परागराव गॅलरीत फोनवर बोलत होते तेव्हा रुजूनं मीटर जुळवला. बाटलीतलं सगळं सातचं पाणी त्यात संपलं. वापरलेलं मी मोरीत ओतलं, कारण ते परत बाटलीत घालायचं नसतं. अण्णांनी ठिपका दिला, फुली काढली.

“काटा वजनाला जुळवायचा, मालाला नाही,” ते रुजूला म्हणाले. हेही त्यांचं नेहमीचंच. “तांदूळ घालून काटा सरळ करणारे बघितलेत मी. पोत्यात दगड, आणि काटा मात्र कसा सरळ!”

जेवताना मी म्हटलं, “रुजे, सातचं पाणी संपलंय हं.”

“उद्या येईल की,” ती म्हणाली. म्हणजे मी दुकानातून आणीन. परागराव आमटी भुरकत होते.

“उद्या दुपारी निघू या,” ते म्हणाले.

“उद्या टाकीचं पाणी बदलायचंय,” रुजू म्हणाली. “पिल्लं लहान आहेत. हळूहळू बदलावं लागतं. संध्याकाळ होईल.”

“म्हणजे पाणी बदललं की झालं ना?”

“हं,” रुजू म्हणाली. तिचा हात ताटात थांबला होता.

रविवारी सकाळी मी दुकान उघडायला गेले. रविवारी पोरंबाळं घेऊन लोक येतात, त्यामुळं घरी परतायला उशीर झाला. येताना सातच्या पाण्याची नवी बाटली पिशवीत घेतली. जिन्यातच पुरणाचा वास आला. जावयासाठी अण्णांनी पुरणपोळीचा बेत करायला लावला होता. कुणाला? ज्या बाईला जिन्यात बसवलं, तिलाच! मी दात-ओठ खातच आत शिरले.

हॉलमध्ये रुजू टाकीसमोर उभी होती. हात पुरणानं माखलेले, कोपरापर्यंत पीठ. परागराव सोफ्यावर पेपर वाचत होते.

“ताई, बघ गं जरा,” ती म्हणाली. आवाज असा, की चोरी करताना सापडल्यासारखा.

मी बघितलं. दोन्ही मासे टाकीच्या कोपऱ्यात, अंग काळं पडलेलं, पर मिटून घेतलेले. तोंडं भराभरा उघडझाप करत होती. आणि पिल्लं आईच्या अंगावर नव्हती. सगळी पाण्यात सुटी भिरभिरत होती, काही तर तळाशी पडली होती.

“अगं, काय झालं यांना?”

“तुमच्या बहिणीचं काम कमी केलं,” परागराव पेपरमागून म्हणाले. “ती स्वयंपाकघरात होती, तुम्ही दुकानात गेल्यावर मी टाकीचं पाणी बदलून टाकलं. सरप्राईज. आता निघायला मोकळे.”

“कुठलं पाणी घातलंत?”

“तिचं ते ड्रममधलंच.”

“मग असं का?” मी रुजूला विचारलं. “मीटर लावलास?”

रुजूनं मीटर पुढं केला. टोक पाण्यात बुडवलं. आकडा हलला, थांबला. साडेसहा. अगदी हवा तसा.

“मी तिला तेच सांगतोय मघापासून,” परागराव उठून आले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मीटर बरोबर सांगतोय. पाणी बरोबर आहे. मासे थोडे बावरलेत, एवढंच. पण हिला वाटतं ते मरतायत. बघितलंत ना ताई? हे असं असतं. होत नाही ते हिला दिसतं.”

“मला पण दिसतंय!” मी ओरडले. “माझ्या डोळ्यांना काय झालंय?”

“तुम्ही दोघी बहिणीच,” तो हसला. हो, तो. आता ‘ते’ म्हणायची माझी इच्छा नाही.

आणि रुजू काय म्हणाली माहिताय? मीटर माझ्या हातात देत म्हणाली, “असेल ताई. मीटर कशाला खोटं बोलेल? माझंच काहीतरी बिघडलंय.” मग हात धुतले आणि आतल्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं. ती साड्या घडी घालत होती, नीट, एकावर एक.

मला त्या क्षणी कळत नव्हतं काय करावं. त्याला मारावं, की हिच्या थोबाडीत द्यावी. रोज शेकडो मासे बघणारी बाई मी. मासा काळा पडला, कोपऱ्यात गेला, की पाणी बिघडलंय. त्यात शंका नसते. मासा कधी नाटक करत नाही. मग मीटर असा कसा सांगतोय? मी पिशवीतून नवी बाटली काढली, झाकण फोडलं, वाटीत सातचं पाणी ओतलं आणि कांडी त्यात बुडवली.

पाच पूर्णांक नऊ.

पुन्हा धुऊन, झटकून बुडवली. पाच पूर्णांक नऊ. सातच्या पाण्यात!

“अण्णा!” मी अशी ओरडले, की खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात आली. “अण्णा, इकडं या. चष्मा घेऊन या.”

अण्णा देवघरातून आले. सोवळं नेसलेलं, कपाळाला गंध. “काय किंचाळतेस? जावई घरात आहेत.”

“तुमचे जावई ठेवा बाजूला. हा मीटर बघा. सातच्या पाण्यात पाच पूर्णांक नऊ दाखवतोय. काल संध्याकाळी तुमच्यासमोर सातवर आणला होता.”

अण्णांनी मीटर हातात घेतला. चष्मा लावला. आकडा बघितला, मग मीटर उलटा केला आणि खिडकीजवळ नेला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. लाल ठिपका मधोमध फुटला होता. फुलीचा अर्धा भाग एकीकडं फिरला होता, अर्धा जागच्या जागी.

“परागराव,” अण्णा म्हणाले, “या मीटरला हात लावला होता का?”

“मी? छे. मी कशाला लावू? तो तिचा प्रांत.”

“सील तुटलंय.”

“सील?”

“हा लाल ठिपका. काल मी दिला होता.”

तो जरासा थांबला. मग हसला. “अच्छा, ते होय! हां, म्हणजे सकाळी बघितलं जरा. थोडा चुकत होता, म्हणून जुळवून ठेवला. हिला त्रास नको म्हणून.”

“कशात जुळवलात?”

“ते तुमचं असतं ना... सातचं पाणी. त्यात.”

अण्णांचा चेहरा हलला नाही. हा चेहरा मी लहानपणी एकदाच पाहिला होता, बाजारपेठेत, एका किराणा दुकानात. दुकानदार चहा मागवत होता आणि अण्णा त्याच्या तराजूच्या पारड्याखाली बोट घालून चिकटवलेलं शिसं शोधत होते.

“बरं. सातचं पाणी कुठून घेतलंत?”

“नळाचं, अण्णा. कुठून घेणार? सकाळी सातला नळ येतो, तेच ना? भांडंभर घेतलं, त्यात बुडवला, जुळवला.”

मी हातातली बाटली वर केली. तिच्यावर हे एवढं मोठं सात छापलं होतं.

“हे सातचं पाणी,” मी म्हटलं. “काल संध्याकाळपासून घरात याचा थेंब नव्हता. मी आत्ता दुकानातून आणलं. हे बाजारात विकत मिळतं, नळाला येत नाही, शहाण्या!”

त्याच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथं विसरून राहिल्यासारखं दिसायला लागलं. “मला काय माहीत तुमच्या घरातले शब्द? चूक झाली असेल.”

“नळात बुडवला नाहीत तुम्ही,” अण्णा म्हणाले. “टाकीत बुडवलात. टाकीत बुडवून साडेसहा येईपर्यंत स्क्रू फिरवलात. तसं नसतं, तर टाकीत बरोबर साडेसहा आला नसता.” त्यांनी वाटीतल्या सातच्या पाण्यात मीटर धरला, स्क्रू फिरवून सातवर आणला, धुतला, झटकला आणि मग टाकीत बुडवला. सात पूर्णांक सहा. “ड्रममधलं पाणी घातलं असतं, तर हे झालं नसतं. बोअरचं घातलंत.”

“घातलं! काय झालं मग?” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. ते तूप कुठं गेलं कुणास ठाऊक. “पाणी ते पाणीच. दोन माशांसाठी माझा रविवार वाया चाललाय. ती काहीही निमित्त काढते. मासे, पिल्लं, पाणी! म्हणून बदललं. आणि लगेच तिनं मीटर काढला असता, रडारड केली असती, म्हणून केला आकडा तिला हवा तसा. तिच्या समाधानासाठीच केला ना?”

“आणि तिला म्हणालात, की तिलाच भलतं दिसतं,” अण्णा म्हणाले.

रुजू आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. हातात अर्धवट घडी घातलेली साडी. ती कधी आली, किती ऐकलं, मला माहीत नाही. अण्णा तिच्याकडं वळले. हातात मीटर तसाच, टोकावरून पाणी फरशीवर टपकत होतं.

“रुजू,” ते म्हणाले, “त्या दिवशी किल्ली कुणाकडं होती?”

“अण्णा, तो विषय आता कशाला—” तो म्हणाला.

“तू थांब, पराग,” अण्णा म्हणाले. ‘राव’ गेलं होतं, ‘तुम्ही’ही गेलं होतं. “रुजू, किल्ली कुणाकडं होती?”

रुजूनं त्याच्याकडं बघितलं. मग टाकीकडं. मग म्हणाली, “त्याच्याकडं. दोन्ही. माझी त्यानं आधीच काढून घेतली होती. मी हरवते म्हणून.”

एकदाही अडखळली नाही.

हॉलमध्ये पाट मांडले होते, ताटं वाढली होती. जावयाच्या ताटाभोवती रांगोळीसुद्धा होती. ती अण्णांनी स्वतः काढली होती. अण्णांनी त्या ताटाकडं बोट केलं.

“शैले, ते ताट उचल.”

आमच्या घरातून भिकारी कधी उपाशी गेला नव्हता. वाढलेलं ताट माणसासमोरून उचलणं म्हणजे काय, हे परागलाही कळत होतं. मी ते ताट इतक्या तत्परतेनं उचललं, की आमटीची वाटी कलंडली आणि रांगोळीवर सांडली. तो बरंच बोलला. कोर्टाचं बोलला, इभ्रतीचं बोलला, रुजूच्या डोक्याचं तर बोललाच. चोराच्या उलट्या बोंबा! जिन्यातून खाली उतरतानाही बोलत होता. खालची बाई त्याला वळसा घालून वर आली.

तो गेला आणि अण्णा पाटावर बसले, सोवळं सावरत. मला वाटतं, त्यांना वाटलं होतं की आपण न्याय केला. मी काही तरी बरं बोलेन, असंही वाटलं असेल.

“वा, अण्णा!” मी म्हटलं. “वा! पोरगी अनवाणी जिन्यात बसली, इतक्या लांबून आली, तोंडानं सांगत होती, रडून सांगत होती. तेव्हा तुम्हाला प्रमाण मिळेना. आणि नेलपेंटचा ठिपका फुटला, तेव्हा मिळालं! म्हणजे त्यानं आज मीटरला हात लावला नसता, तर तुम्ही हिला गाडीत बसवून हात हलवत उभे राहिला असता ना? पुरणपोळी खाऊन?”

“शैले—”

“तिच्या कपाळावर द्यायला हवा होता तो ठिपका! म्हणजे काय काय फुटलंय ते तुम्हाला आधी दिसलं असतं.”

अण्णांनी मान खाली घातली. त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं जगले तितक्या वर्षांतही नाही. लोक म्हणतात, शेवटी बाप मुलीच्या बाजूनं उभा राहिला ना, मग झालं. मला नाही झालं. अण्णा गेले, त्यांच्या फोटोला मी हार घालते, हात जोडते. पण हा राग मी टोपणात थेंब टाकून ठेवलाय. तो कोरडा पडू दिलेला नाही.

त्या दुपारी आम्ही तिघंही जेवलो नाही. रुजू गॅलरीतून ड्रमचं पाणी तांब्या-तांब्यानं आणून टाकीत सोडत होती. एकदम ओतलं असतं तर उरलेले मासेही गेले असते. मेलेली पिल्लं तिनं जाळीनं काढली, कुंडीत मोगऱ्याखाली पुरली. पुष्कळ होती. ऊन उतरेपर्यंत मादीच्या अंगावरचा काळपटपणा जरा विरला आणि वाचलेली दोन-चार पिल्लं एकेक करून तिच्या अंगाला येऊन चिकटली.

“ताई, सातचं पाणी दे,” रुजू म्हणाली.

तिनं ताजं पाणी वाटीत घेतलं, मीटर बुडवला, बारीक पेचकस घेऊन स्क्रू किंचित फिरवला. सात. टोक झटकलं.

मागून पावलं वाजली. अण्णा आले होते, हातात नेलपेंटची बाटली आणि टाचणी. सवयीनं आले असतील, किंवा तेवढंच करता येत होतं म्हणून. त्यांनी हात पुढं केला.

रुजूनं मीटर दिला नाही. टोपणात थेंब टाकले, टोपण घट्ट बसवलं आणि मीटर स्वतःच्या खिशात ठेवला.

“नको अण्णा,” ती म्हणाली. “मला कळतंय.”